भिंतीवरची पिशवीवाली अळी आणि तिचा पतंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दमट हवेच्या गावात घर असेल तर हा जीव तुमच्याकडे बहुधा आधीपासूनच राहतोय. बाथरूमच्या दाराशेजारी, पलंगामागे, माळ्यावर, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सिमेंटच्या रंगाची चपटी पिशवी चिकटलेली असते. बरेच जण ती भिंतीचा पोपडा समजून सोडून देतात. मग एके दिवशी तो पोपडा चालताना दिसतो आणि घरात धांदल उडते. असे फोटो आले की सोबत ठरलेले प्रश्नही येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही पिशवी म्हणजे नक्की काय? आत कोण असतं?

आत एका छोट्या पतंगाची अळी असते. पिशवी तिने स्वतः विणलेली असते आणि ती जाईल तिकडे घर ओढत नेते. आकार काकडीच्या मोठ्या बीसारखा, म्हणजे मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. पूर्ण वाढलेल्या अळीची पिशवी ८ ते १४ मिलिमीटर लांब आणि ३ ते ५ मिलिमीटर रुंद भरते. जाडी जेमतेम असते, त्यामुळे कपाट आणि भिंतीमधल्या फटीत ती सहज सरकते.

पिशवीला दोन्ही टोकांना तोंड असतं. अळी कुठल्याही टोकातून डोकं काढते, पुढचे पाय भिंतीला रोवते आणि पिशवी मागून खेचते. धक्का लागला की आत शिरते आणि तोंड आतून असं घट्ट मिटून घेते की चिमट्यानेही सहज उघडत नाही.

हिचं नाव काय?

प्रजातीचं नाव फेरिओएका युटेरेला. लॉर्ड वॉल्सिंगहॅम या इंग्रज पतंग-अभ्यासकाने १८९७ साली तिचं वर्णन केलं. फेरिओएका अल्युटेला नावाची तिची सख्खी बहीण शोभेल अशी आणखी एक प्रजाती आहे. तिचं वर्णन १८९२ सालचं. भारतात काढलेल्या फोटोंखाली ही दोन्ही नावं दिसतात. दोघींच्या पिशव्या, सवयी, जागा इतक्या सारख्या आहेत की घरातल्या माणसाला फरक पडत नाही. नेमकी प्रजाती कशी ठरते ते पुढे येईलच.

कूळ टिनिइडी. कपड्यांना लागणारी कसर याच कुळातली. फुलांमधला मध, पानं, फळं यांच्या वाटेला या कुळातल्या बहुतेक अळ्या जात नाहीत. केस, पिसं, लोकर, बुरशी, वाळका कचरा असा इतरांनी टाकलेला माल त्यांच्या वाट्याला येतो. अमेरिकेत फ्लोरिडाकडे या अळीला प्लास्टर बॅगवर्म म्हणतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना गराजच्या भिंतीवर जी दिसते ती हीच.

नक्की ओळखायची कशी? दुसरं काहीतरी असलं तर?

पतंग सोडा, पिशवीकडे बघा. पतंग इतका साधा आणि इतका लहान असतो की त्यावरून ओळख पटवणं तज्ज्ञांनाही जड जातं. पिशवी मात्र फसवत नाही. चपटी, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती, दोन्हीकडे तोंड, बाहेरून रेतीचा खरखरीत थर आणि आतून मऊ रेशमाचं अस्तर. एवढं जुळलं की घरातल्या भिंतीवर दुसरा उमेदवार राहत नाही.

खात्री हवी असेल तर पिशवी अलगद काढून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि हात न लावता थांबा. थोड्या वेळाने एका टोकाची फट हलते. आधी गडद तपकिरी डोकं दिसतं, मग पायांच्या तीन जोड्या. डोक्यामागच्या तीन वलयांवर कडक, काळपट कवचाचे पट्टे असतात आणि त्यामागचं सगळं अंग पांढरं, मऊ. बाहेर निघणारा भाग तेवढा कडक आणि आत राहणारा नाजूक, कारण पिशवी असताना बाकीच्या अंगाला कवचाची गरज काय? पूर्ण वाढलेली अळी साधारण ७ मिलिमीटरची असते, म्हणजे पिशवीत तिला वळायला भरपूर जागा उरते. कधीकधी एका टोकाने बाहेर डोकावलेली अळी आत जाते आणि क्षणभरात दुसऱ्या टोकातून प्रकट होते. हे बघायला मिळालं तर ओळखीला आणखी पुरावा नको.

आणि पतंग? तो कसा दिसतो?

मादी करड्या रंगाची असते. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत १० ते १३ मिलिमीटर. पुढच्या पंखांवर पुसट काळसर ठिपके असतात, जास्तीत जास्त चार. मागच्या पंखांच्या कडेला फिकट करड्या, केसांसारख्या लांब खवल्यांची झालर. नर आणखी लहान, ७ ते ९ मिलिमीटरचा, आणि त्याच्या अंगावरची नक्षी अगदीच अस्पष्ट. दोघांच्याही डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा झुपका असतो. बसताना पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटलेले असतात, फुलपाखरासारखे उभे नाहीत.

पतंगाचं तोंड कामापुरतंही उरलेलं नसतं. तो काही खात नाही. अळीपणी जे खाल्लं त्याच शिदोरीवर जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. उडता चांगलं येतं, पण तो बहुतेक वेळ भिंतीवर, जमिनीच्या कडेला नाहीतर घरातल्या कोळ्याच्या जाळ्यावर बसून काढतो. ज्या जाळ्यात इतर किडे अडकून मरतात तिथे हा निवांत बसतो, हे जरा नवलच.

बाथरूमच्या टाइल्सवर बसणारं छोटं, केसाळ, काळपट पाखरू हेच का?

नाही. हा गोंधळ फार होतो. टाइल्सवर बदामाच्या आकारात पंख पसरून बसणारं ते केसाळ पाखरू म्हणजे एक प्रकारची माशी. पतंगाला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. तिच्या अळ्या मोरीच्या जाळीखाली आणि पाइपात साचलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. ती दिसली तर मोरी घासायची, भिंत नव्हे. बाथरूम दोघींनाही आवडतं, म्हणून त्या एकाच जागी दिसतात, इतकंच.

तांदळात, रव्यात झालेली पाखरं यांचीच पिल्लं असतील का?

नाही, ती वेगळी जात. धान्याच्या डब्यात पाखरं झाली तर तीन-चार जण संशयित असतात. तांदूळ, रवा, ज्वारीत दाणे एकमेकांना चिकटवून जाळीचे गठ्ठे होत असतील तर तांदळावरचा पतंग, कॉर्सायरा सेफॅलोनिका. तो फिकट राखाडी-तपकिरी असतो आणि त्याच्या पंखावर ठळक नक्षी नसते. पुढच्या पंखाचा अर्धा भाग फिकट आणि बाहेरचा अर्धा तांबूस असेल तर प्लोडिया. सुकामेवा आणि दाण्याच्या डब्यात तो हटकून सापडतो. दाण्याला गोल भोक पडून आतून दाणा पोकळ झाला असेल तर सायटोट्रोगा. यांपैकी कुणाचीही अळी पिशवी घेऊन भिंतीवर फिरत नाही. पिठात जाळी दिसली आणि भिंतीवर पिशवी दिसली, तर तुमच्याकडे दोन वेगळे पाहुणे आहेत.

जाता जाता सांगायला हवं की यातल्या कॉर्सायराला शेतकरी वेगळ्या नात्याने ओळखतात. ट्रायकोकार्डावर चिकटवलेली बारीक अंडी याच पतंगाची असतात. ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक त्या अंड्यांवर वाढवून उसात, कापसात सोडतात. स्वयंपाकघरातला शत्रू प्रयोगशाळेत असा कामाला लावलेला आहे.

कपड्यांना लागणारी कसर ती हीच?

चुलत नातं आहे, पण ती ही नव्हे. कसर म्हणून आपण जे ओळखतो त्यात टिनिइडी कुळातल्या दोन जाती मुख्य. एक टिनिओला. तिचा पतंग सोनेरी, बिनठिपक्यांचा, आणि अळी पिशवी घेऊन हिंडत नाही. कपड्यावरच रेशमी जाळं आणि बोगदे करते. दुसरी टिनिआ पेलिओनेला. हिची अळी मात्र पिशवी बाळगते, पण ती लांबट नळीसारखी असते, चपटी नाही. शिवाय ती कपड्याच्याच धाग्यांची बनते. लाल स्वेटर खाल्ला तर लाल पिशवी, निळी शाल खाल्ली तर निळी. भिंतीवरच्या आपल्या अळीची पिशवी रेती-धुळीची असते.

लोकर मिळाली तर भिंतीवरची अळीही ती खाते. त्यामुळे लोकरीची शाल किंवा काश्मिरी गालिचा ओलसर भिंतीला टेकून पडला असेल तर काळजी घ्या. सुती गोधडीला तिच्यापासून भय नाही. फ्लोरिडात १९३३ साली या अळीच्या खाण्यावर अभ्यास झाला, त्यात सुती कापड तिने नाकारलं होतं.

आमच्या बाभळीला काड्यांच्या पिशव्या लटकल्या आहेत. ही तीच अळी बाहेर गेली का?

नाही. बाभूळ, आंबा, डाळिंब अशा झाडांवर काटक्या किंवा पानांचे तुकडे लावलेल्या लटकत्या पिशव्या दिसतात त्या सायकिडी कुळातल्या अळ्यांच्या. त्या झाडाची पानं खातात. त्यांच्यातल्या अनेक जातींच्या माद्यांना पंखच नसतात, त्या जन्मभर पिशवीतच राहतात. नावात दोन्हींना बॅगवर्म म्हणतात म्हणून घोटाळा होतो.

ती राहते कुठे? आमच्याच घरात का?

घराचा नकाशा तिच्या नजरेतून बघितला की उत्तर सापडतं. तिला तीन गोष्टी लागतात. हवेत ओल हवी, कोळ्यांची जुनी जाळी हवीत आणि कुणी रोज झाडत नाही असा कोपरा हवा. हे तिन्ही जिथे एकत्र येतं तिथे ती असते.

ओल सगळ्यांत महत्त्वाची. कोरड्या हवेत तिचं निभत नाही. म्हणून मुंबई, ठाणे, कोकणपट्टी, गोवा हा तिचा हक्काचा मुलूख. घाटमाथ्यावर आणि पुण्या-कोल्हापुराकडे ती पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसते. विदर्भ-मराठवाड्यात शोधायची तर गळका पाइप, पाण्याच्या टाकीखालची भिंत, कूलरच्या मागची बाजू अशा जागा बघाव्यात. जगभरातही हीच तऱ्हा. फ्लोरिडा, लुइझियाना, ब्राझील, पनामा अशा उष्ण आणि दमट जागी फेरिओएका नांदते.

घरात शोधायचं असेल तर भिंत आणि जमीन जिथे मिळते ती कडा आधी बघा. मादी अंडी घालते ती अशाच फटीत, कचऱ्याला चिकटवून. त्यानंतर पलंगाचा डोक्याकडचा भाग, फडताळाची पाठ, पुस्तकांच्या मांडणीचा तळ, वीजमीटरच्या पेटीची बाजू, देवघरामागची भिंत, माळ्यावरच्या ट्रंकांमधली जागा. बाहेर शोधायचं तर पडवी, जिन्याखालची खोली, गोठ्याची भिंत, पंपघर. ज्या इमारतीत पार्किंगच्या छताला जळमटं लोंबतात तिथल्या खांबांवर नजर टाकली तरी पुष्कळ सापडतील.

उंचीवरूनही काही कळतं. जमिनीलगत असलेली पिशवी बहुधा खाणं शोधत फिरणाऱ्या अळीची असते. छताजवळ, पेल्मेटखाली, दाराच्या चौकटीवर दोन्ही टोकांनी चिकटलेली, हलत नसलेली पिशवी असेल तर आत कोष असण्याची शक्यता जास्त, कारण कोषात जायची वेळ आली की अळी भिंतीवर चढते.

एवढी घाण आमच्या घरात नाही, तरी ती का?

घाणीचा प्रश्नच नाही. ओल आणि जळमटं स्वच्छ घरातही असतात. लादी रोज पुसली जाते, पण कपाटाच्या मागे कुंचा कोण फिरवतं? शिवाय जुन्या इमारतीत भिंतीतून पाणी झिरपत असेल तर तुम्ही कितीही झाडा, तिला हवी ती ओल मिळतच राहते. पाहुण्यांसमोर पिशवी दिसली म्हणून घरातल्या बाईला बोल लावणाऱ्यांनी आधी प्लंबरला बोलवावं.

ती खाते काय?

मुख्य खाणं कोळ्यांची जुनी जाळी. पुस्तकांच्या कपाटाखालची जळमटं हिने फस्त केल्याची नोंद आहे. कोळ्याचं रेशीम म्हणजे शुद्ध प्रथिन. कोळी जाळं टाकून गेला की ते रेशीम धूळ खात पडतं, आणि ही त्याचा फडशा पाडते. आपल्याच जातीच्या टाकलेल्या जुन्या पिशव्याही ती खाते. लोकर चालते. केस चालतात.

पनामात स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधिका ॲनेट आयेलो यांनी १९७९ साली अल्युटेला प्रजातीचं पूर्ण जीवनचक्र प्रसिद्ध केलं. त्यांनी अळ्या वाढवल्या त्या मेलेले डास आणि स्वतःच्या डोक्यावरचे केस खायला घालून. आपल्याकडे बाथरूमच्या दाराशी, ड्रेसिंग टेबलच्या मागे ती का घुटमळते याचं कारण यातून लक्षात येतं. कंगव्यातून गळलेले केस तिथेच साठतात.

लाकूड, कागद, भिंतीचा रंग, सिमेंट ती खात नाही. भिंतीवरचे कण ती उचलते ते घर बांधायला.

पिशवी बनवते कशी?

अंड्यातून बाहेर आलेली अळी डोळ्याला जवळपास दिसतच नाही, पण लगेच बांधकामाला लागते. आधी रेशमाची एक बारीक कमान करते, दोन्ही टोकं जमिनीला टेकलेली. मग बाहेरून त्या कमानीला आसपास सापडेल ते लावत जाते. वाळूचे कण, गंजाची पूड, केस, धागे, किड्यांची विष्ठा, मेलेल्या किड्यांचे पाय आणि पंख. आतून रेशमाचं अस्तर. कमान लांबत लांबत बोगदा होतो. शेवटी खालची बाजूही रेशमाने शिवून टाकते आणि बोगदा जमिनीपासून सुटतो. आता ती नळी घेऊन चालू लागते.

पुढे प्रत्येक कातीनंतर अंग वाढतं तशी पिशवीही वाढवावी लागते. पिशवी मधे रुंद होत जाते ती याच टप्प्यात, वळायला जागा मिळावी म्हणून. भिंग घेऊन बघितलं तर पिशवीवर तुमच्या घराचा सगळा इतिहास दिसतो. जुन्या रंगकामाचे निळे कण, सध्याच्या क्रीम रंगाचे कण, मुंगीचं डोकं, झुरळाच्या पायाचा काटेरी तुकडा, कधी रांगोळीचा गुलाबी दाणा. जांभ्या दगडाच्या घरात पिशवीवर तांबूस झाक येते, सिमेंटच्या घरात ती राखाडी राहते. भिंतीत ती इतकी मिसळून जाते याचं रहस्य एवढंच, की ती त्याच भिंतीच्या धुळीची आहे.

किती दिवस जगते?

आयेलो यांच्या नोंदींवरून चित्र असं. मादी साधारण आठवडाभरात २०० पर्यंत अंडी घालते आणि मरते. अंडं जेमतेम ०.४ मिलिमीटरचं, फिकट निळसर. ते उबायला दहापेक्षा जास्त दिवस लागतात. अळीचा काळ सुमारे ५० दिवसांचा, त्यात सहा-सात वेळा वाढीचे टप्पे. कोषाचा काळ ११ ते २३ दिवस. अंड्यापासून पतंगापर्यंत सरासरी ७४ दिवस. हे आकडे पनामातले आहेत, हवामान बदललं की पुढे-मागे होणार.

पिशवी भरलेली आहे की रिकामी, न फोडता कसं कळेल?

कोषात जाण्याआधी अळी पिशवीच्या एका टोकाला दोन्ही कडांनी छोटी चीर पाडते. त्यामुळे ते टोक चपटं होतं आणि आतून बाहेर ढकललं की उघडणाऱ्या दारासारखं काम करतं. मग ती त्या दाराकडे तोंड करून कोष करते. वेळ आली की कोष स्वतः सरकत अर्धा बाहेर येतो आणि पतंग त्यातून निघतो, बहुतेकदा दुपारच्या सुमारास.

म्हणून पिशवीच्या एका टोकातून पातळ, तपकिरी, कागदासारखं टरफल अर्धवट बाहेर आलेलं असेल तर घर रिकामं झालं असं समजा. टरफल नसेल, आणि पिशवी भिंतीला दोन्हीकडून घट्ट चिकटलेली असेल, तर आत कोष आहे किंवा अळी मेलेली आहे. एकाच टोकाने लोंबत असेल तर हात लावून बघा, ती बहुधा जिवंत अळी असते आणि लगेच आत ओढली जाते.

चावते का? अंगाला खाज येते का? लहान मूल हाताळत असेल तर?

चावत नाही, डंख मारत नाही, विष नाही. सुरवंटासारखे खाजरे केसही तिच्या अंगावर नसतात. रांगतं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं म्हणून पिशव्या उचलून टाकाव्यात, पण ते स्वच्छतेसाठी. भिंतीवर ही दिसली आणि त्याच सुमारास अंगावर पुरळ उठलं, तर पुरळाचं कारण दुसरीकडे शोधा. ढेकूण, डास, बुरशी यांपैकी कुणीतरी असेल. पुरळासाठी डॉक्टर, अळीसाठी कुंचा.

घालवायची कशी? पेस्ट कंट्रोल करावं का?

माझं स्पष्ट मत, हिच्यासाठी फवारणीवर पैसे घालवू नका. औषध भिंतीवर पडतं आणि अळी पिशवीत सुरक्षित राहते. शिवाय फवारणीने कोळी मेले तरी त्यांची जाळी तशीच राहतात, म्हणजे तिच्या खाण्याचं कोठार शाबूत.

जळमटं काढणं हाच खरा उपाय. दिवाळीच्या साफसफाईला आपण लांब काठीचा कुंचा घेऊन छत झाडतो, तेच काम पावसाळ्यात मधून मधून करायचं. भिंत आणि लादीची कडा व्हॅक्युम क्लीनरने किंवा बारीक ब्रशने साफ करायची, कारण अंडी तिथे असतात. दिसलेल्या पिशव्या हाताने काढून साबणाच्या पाण्यात टाका. खिडकीबाहेर फेकली तर ती पुन्हा भिंत चढू शकते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलं तर मागे हवा खेळते. त्यावरही दर आठवड्याला नवीन पिशव्या येत असतील तर भिंतीत पाणी कुठून येतंय ते शोधणं हाच पुढचा इलाज.

डांबर गोळ्या ठेवल्या तर?

उघड्या खोलीत त्यांचा उपयोग नाही. त्या घट्ट बंद पेटीतच काम करतात, तेही लोकरीच्या कपड्यांसाठी. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र त्या कधीच ठेवू नका. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीनच्या वाफेनेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. भिंतीवरच्या निरुपद्रवी अळीसाठी हा धोका कशाला?

पाली, कोळी तिला खात नाहीत का?

पतंग पालीच्या तावडीत सापडू शकतो. पिशवीत बसलेल्या अळीला हात घालणं मात्र अवघड. तिचा खरा वैरी एक बारीक गांधीलमाशी आहे. फ्लोरिडात अपॅन्टेलिस वंशाची एक परजीवी गांधीलमाशी हिच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी या अळीला कोषात जाण्याआधीच संपवते.

फोटो काढून नोंद करायची आहे. काय काळजी घ्यावी?

नुसती पिशवी फोटोत कळत नाही, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. प्रकाश समोरून न घेता एका बाजूने घ्या, म्हणजे पिशवीचा खरखरीतपणा उठून दिसतो. अळी डोकं काढेपर्यंत थांबा. पतंग मिळाला तर बाजूने एक, वरून एक आणि डोक्यावरच्या झुपक्याचा एक असे फोटो घ्या. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. जागेची नोंद लिहा: गाव, खोली, भिंतीची उंची, ओल होती की नाही.

नोंद टाकायला आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही संकेतस्थळं सोयीची आहेत. नुसत्या पतंगांसाठी मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ आहे. २०१२ पासून जुलैच्या शेवटी राष्ट्रीय पतंग सप्ताह साजरा होतो. सुरुवात अमेरिकेतली असली तरी तारीख आपल्या सोयीची आहे, कारण जुलैत आपल्याकडे पाऊस आणि पतंग दोन्ही ऐन भरात असतात. पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग बघणारे त्या आठवड्यात घरातल्या भिंतीकडे मात्र फारसं बघत नाहीत.

नोंद करताना थेट प्रजातीचं नाव टाकण्याचा हट्ट नको. पिशवी बघून फेरिओएका वंश सांगता येतो, त्यापुढचं नाही. युटेरेला की अल्युटेला हे ठरवायला पतंगाच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. वंशापर्यंत बरोबर असलेली नोंद, प्रजातीपर्यंत अंदाजाने टाकलेल्या नोंदीपेक्षा अभ्यासकांच्या जास्त कामाची.

शाळेतल्या मुलांना दाखवायची आहे. बाटलीत जगेल का?

जगेल, आणि शाळेच्या प्रकल्पाला याहून स्वस्त प्राणी मिळणार नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाला खरखरीत कागद, एका बाजूला जुन्या जळमटांचा बोळा, कंगव्यातले थोडे केस, लोकरीचे दोन-चार धागे. ओलीसाठी भिजवलेल्या कापसाचा बोळा बाटलीच्या उथळ झाकणात ठेवा, पाणी सांडू देऊ नका, नाहीतर बुरशी धरते. बरणीत उभी काडी हवी, कोषात जायला अळीला चढण लागते.

मुलांकडून एक प्रयोग जरूर करून घ्या. वाढत्या अळीच्या बरणीत विटेची बारीक पूड किंवा रंगीत रांगोळी चिमूटभर टाकायची. पुढची कात टाकल्यावर पिशवीला जो नवा भाग जोडला जाईल त्यात तो रंग दिसतो का, हे भिंगाने बघायचं आणि तारखेसह चित्र काढायचं. रंग कुठल्या टोकाला लागला, एका की दोन्ही, यावरून पिशवी कुठून वाढते ते मुलं स्वतः शोधतील. बरणीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा रबराने बांधा. भोकं पाडलेलं झाकण नको, अंड्यातून निघालेल्या अळ्या त्या भोकांतून बाहेर पडतात आणि मग वर्गाच्या भिंतीवर दिसू लागतात.